कुरकुरीची वही

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सलाम.

आज नऊ. काल अकरा होत्या, म्हणजे प्रगती आहे म्हणायची. पण तू म्हणतेस तसं मन हलकं वगैरे काही झालं नाही. नऊच्या नऊ कामावरच्या मोठ्या बाईंवरच्याच निघाल्या तेव्हा स्वतःची लाज वाटली, आणि मग त्या लाजेचाही राग आला.

तू सांगितलंस तसंच करते. दिवसभरात मनात येईल ती कुरकुर वहीत लिहायची, संध्याकाळी बसून एकेक वाचायची, 'प्रभू, ही तुझ्याकडे' म्हणायचं आणि आडवी रेघ मारायची. रेघ मारली की ती गोष्ट पुन्हा तोंडावर आणायची नाही. बाप्तिस्म्याला आता वर्ष होईल. वर्षभरात तू शिकवलेल्या गोष्टींत ही सगळ्यात अवघड. प्रार्थना जमते, पहाटे उठून वचन वाचणंही जमतं. तोंड बंद ठेवणं तेवढं जमत नाही. वहिनी म्हणते, "वन्सं, तुमच्या देवाला मुकी माणसं फार आवडतात वाटतं!" दादा पेपराआडून हसतो.

आजच्या ऐक. सकाळी ऑपरेशनच्या यादीत सहा नावं होती. हत्यारांचे सहाही संच मी मोजून लावले, कापडात बांधले, पट्टी चिकटवली, सही केली. सर्जन येऊन म्हणाले, "आज सगळं वेळेवर!" तर बाई म्हणतात, "मी जातीनं उभी होते." जातीनं! खुर्चीत बसून रविवारच्या गाण्यांचा कागद उतरवून घेत होत्या. मग आजोबांना सगळ्यांसमोर झापलं, हात थरथरतात तर घरी बसा म्हणून. धुण्याच्या हौदावरचे आपले आजोबा, तुला आठवतातच. अजून प्रत्येक कात्री ब्रशनं घासतात, उघडतात, खिडकीच्या उजेडात धरून बघतात. तू निवृत्त होऊन लेकीकडे गेलीस, आता बाईंना तोंड देणारं निर्जंतुक खोलीत कुणी उरलं नाही. आजोबा हसून मलाच विचारतात, "काय गं भगतीण, आज किती रेघा?"

आणि नववी. वाफेच्या यंत्रातून निघालेल्या गठ्ठ्यांवरची पट्टी नीट काळी होत नाहीये. पुरी वाफ लागली की पट्टीवरचे पट्टे कोळशासारखे काळे व्हायला हवेत, हे तूच मला पहिल्या दिवशी शिकवलंस. गेले तीन दिवस करडे निघतात. दाराचं रबर सैल झालंय, बाजूनं वाफ फुसफुसते. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "रोल जुना आहे. तुला मेलीला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

ही कुरकुर की आणखी काही, मला ठरवता आलं नाही. मारली रेघ. पेन कागदात रुतलं.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसत, एकदा गुडघ्यांवर.

मधे फोन केला होतास म्हणे. लेकीनं कानाला लावून दिला, पण मला नुसती खरखर ऐकू आली. एकोणीस वर्षं त्या यंत्राशेजारी उभं राहिल्याचं बक्षीस! पत्रच लिहीत जा. पत्रात माणूस दोन घोट गिळून मग बोलतं.

इथल्या मंडळीत मंगळवारी बायकांची बैठक असते. त्यांना मी आपल्या वहीबद्दल सांगितलं. अकरा जणींनी वह्या घेतल्या! एक जण शिवणकाम करते, तिनं तर वहीला कापडाचं कव्हर शिवलं. पाळकसाहेब म्हणाले, ताई, तुम्ही मोठं काम करताय. मी म्हटलं, मी कसलं करते, करून घेणारा वेगळा आहे. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता तुझं. मोठ्या बाई तुझ्या वरिष्ठ आहेत आणि मंडळीत तुझी बहीण आहेत. रविवारी तू त्यांच्या मागच्या बाकावर बसतेस. पाठीकडे बघत राग धरून केलेली प्रार्थना छताला लागून परत येते, हे मी अनुभवानं सांगते. श्रेय त्यांनी घेतलं? घेऊ दे. ज्याला बघायचंय त्यानं बघितलंय.

नववीबद्दल विचारलंस. धाकटे, तीही कुरकुरच. नीट वाचून बघ, त्या ओळीत पट्टी थोडी आणि बाई जास्त आहेत. माझ्या वेळीही पट्टी कधीमधी फिकी यायची, काही आभाळ कोसळलं नाही. बाईंची तीस वर्षं त्या खोलीत गेलीत. आपण आपलं काम निष्ठेनं करायचं आणि वरच्यांचा न्याय वरच्यावर सोडायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचं, माझी काही तक्रार नाही. हे वाक्य रोज दहा वेळा म्हण. आधी ओठ शिकतात, मग मन.

खोकला कसा आहे? वाफेतून एकदम बाहेरच्या गारठ्यात जाऊ नकोस.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सलाम.

आज दोन! वहिनीलाही दाखवली वही. ती म्हणाली, "दोनच? म्हणजे आता आमच्यावरचीही संपली वाटतं."

तुझं वाक्य रोज म्हणते. हौदापाशी, यंत्रापाशी, गठ्ठे बांधताना. पट्टीची ओळ मात्र रोज येते. बाईंनी नवा रोल आणला, त्यावरही करडेच पट्टे. आता पूर्ण लिहीतही नाही, नुसतं 'पट्टी' लिहिते आणि रेघ मारते. बाई परवा म्हणाल्या, "शहाणी झालीस हो तू." पहिल्यांदा त्यांनी मला चहा विचारला.

काम वाढलंय. वॉर्डात दोघीतिघींचे टाके पिकलेत, ड्रेसिंगचे संच दुप्पट लागतात.

आजोबा म्हणतात, "भगतीण, भांडत होतीस तेव्हा बरी होतीस. आता पाळलेल्या मांजरासारखी दिसतेस." आधी मला असं कुणी बोललं असतं तर मी दिवसभर धुमसले असते. आता राग आलाच नाही. खरंच नाही आला. ही कृपाच ना, ताई?

तुझी,
धाकटी

१९ मार्च

ताई,

सलाम घालत नाही. हात जोडायच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझं महिन्याच्या सुरुवातीचं कार्ड मिळालं होतं. 'तुझी शांती बघून डोळे भरून आले' असं लिहिलंयस. ते मी काल फाडलं.

पाच बायकांच्या जखमा सडल्या. पाच. त्यातली एक शाळेत शिकवते, पहिलंच बाळ, पोट उघडून काढलेलं. तिचे टाके उसवले, दोनदा पुन्हा टेबलावर घेतलं. बाळ आजीकडे, आई इथे, आणि तिला दूध येतंय ते वाया जातंय. डॉक्टर म्हणतात, जगेल. 'जगेल' हा शब्द माणसं किती सहज टाकतात गं.

मोठ्या बाईंनी वर लिहून दिलं की दोष धुण्यात आहे. हत्यारांच्या सांध्यांत रक्त राहत होतं, धुणाऱ्याचं वय झालंय, हयगय होते. आजोबांना कामावरून काढून घरी बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस! त्यांनी एवढंच विचारलं, "कुठली कात्री? मला दाखवा." कुणी दाखवली नाही. दाखवणार कुठून? त्यांनी एप्रन काढला, नीट घडी केली आणि हौदाच्या कडेवर ठेवला.

आणि यंत्राच्या दाराचं रबर? ते महिन्याच्या सुरुवातीलाच गुपचूप बदललं होतं. आता पट्टे बघ, कोळशासारखे काळे. बघायला येईल त्याला यंत्र चोख दिसतं.

आता माझं ऐक. आजोबांना घरी बसवायच्या आदल्या दिवशी आम्हाला ऑफिसात बोलावलं होतं. मला सरळ विचारलं, "यंत्रात काही दोष दिसला होता?" बाई माझ्याकडे बघत होत्या. मला सांगायचं होतं, ताई, शपथेवर सांगते, सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि आतून बाहेर पडलं, "माझी काही तक्रार नाही."

तुझं वाक्य! रोज दहा वेळा घोटलेलं. तू म्हणाली होतीस ना, आधी ओठ शिकतात. शिकले.

घरी येऊन वही उघडली. बावीस दिवस पट्टी, बावीस रेघा. मी बावीस वेळा देवाला सांगितलं आणि ज्याच्या हातात पाना होता त्या मेकॅनिकला एकदाही सांगितलं नाही. तो तर खालच्याच मजल्यावर बसतो! जिना उतरायचा होता, बस.

मी काय केलं ते मला कळलंय. तू काय केलंस ते तू सांग.

धाकटी

२६ मार्च

धाकटे,

तुझं पत्र वाचून भरल्या ताटावरून उठले. लेकीनं विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणीतरी आलंय अंगावर.

मी तुला माणसावरचा राग सोडायला सांगितलं. यंत्र बिघडलं तर गप्प बस, असं मी कुठे लिहिलं? दाखव! तुझं स्वतःचं डोकं कुठे होतं? बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेलं का? गठ्ठ्यावर सही तुझी, डोळे तुझे, आणि आता गुन्हेगार कोण, तर शेकडो कोस लांब बसलेली बहिरी म्हातारी. पोटच्या पोरीसारखी माया लावली त्याचं हे फळ!

त्या शिक्षिकेसाठी मी रडले. आजोबांसाठीही. मला काही वाटत नाही असं समजू नकोस.

आता रागाच्या भरात धावत सुटू नकोस. आपली रीत तुला ठाऊक आहे. भावा-बहिणीनं चूक केली तर आधी एकट्यानं भेटून सांगायचं, नाही ऐकलं तर आणखी एकाला घेऊन, आणि मग मंडळीपुढे. पहिल्यांदा मोठ्या बाईंना भेट. मग तुमच्या पाळकसाहेबांना. वही मात्र कुणाला दाखवू नकोस. ती तुझी आणि देवाची गोष्ट आहे. आणि ती दाखवलीस तर आधी तुझी नोकरी जाईल, हेही लक्षात घे.

ताई

४ एप्रिल

ताई,

'दाखव' म्हणालीस. दाखवते. तुझं ११ फेब्रुवारीचं पत्र, दुसरं पान. 'धाकटे, तीही कुरकुरच.' आता चष्मा लावून वाच.

सही माझी होती हे तू मला सांगायला नको. ते मला उठता-बसता दिसतं.

रीत म्हणालीस, तीही पाळली. बाईंच्या घरी गेले. त्या इस्त्री करत होत्या. मी म्हणाले, "बाई, रबर गेलं होतं. तुम्हाला माहीत होतं."

"हळू बोल," म्हणाल्या. "वर तोंडी कळवलं होतं मी. सुटा भाग मिळायला वेळ लागणार होता. यंत्र बंद ठेवलं असतं तर ऑपरेशनं थांबली असती. सर्जनांच्या शिव्या कोण खाणार होतं, तू?"

"आणि आजोबा?"

"ते एवीतेवी दोन वर्षांत जाणारच होते."

हे म्हणाल्या आणि रडायला लागल्या. इस्त्री तशीच कापडावर राहिली, वास सुटला, मीच उचलून बाजूला ठेवली. मग माझा हात धरून म्हणतात, "प्रभुभोजनात आपण दोघी एका पेल्यातून पितो गं. बहिणीला चौकशीपुढे उभी करशील?" मी हात सोडवून घेतला. वाईट वाटलं, ताई. पण त्यांच्याबद्दल वाटत होतं ते वाईट त्या बाळाच्या आईपर्यंत पोचत नव्हतं, आणि मला पहिल्यांदा माझ्या दयेचाच संशय आला.

मग पाळकसाहेब. म्हणाले, "घरातलं भांडण चव्हाट्यावर नेऊ नये. त्या आजोबांसाठी आपण रविवारी विशेष प्रार्थना ठेवू."

मी म्हणाले, "ते प्रार्थनेला येत नाहीत, साहेब. ते कामाला येतात. त्यांना कामाला येऊ द्या."

"तुमच्या बोलण्यात कडवटपणा आलाय, बहीण."

"आलाय," म्हटलं, आणि निघाले.

घरी वहिनीपुढे सगळं ओकले. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "वन्सं, तुमच्या येशूनं मंदिरात बाजार मांडणाऱ्यांची टेबलं उलटीपालटी केली, तुम्हीच सांगितलं होतंत ना मला? मग त्या दिवशी त्यानं वही घरी विसरली होती का?" मी हसले आणि मग तिथेच ओट्याला टेकून रडले. ज्या बाईला मी वर्षभर सुवार्ता सांगत होते तिनं मला ती परत सांगितली.

दहा तारखेला चौकशी समिती बसते. वही मी देणार. रबर बदललं गेलं, करड्या पट्ट्या कचऱ्याबरोबर जळून गेल्या, आजोबांच्या बाजूनं त्या वहीशिवाय काहीच नाही. नोकरी जायची तर जाऊ दे.

पण एक अडचण आहे, आणि ती तू आहेस. तू लिहिलंयस की तुझ्याही वेळी पट्टी फिकी यायची. बाई हेच म्हणतात, पट्टीचा काही भरवसा नसतो, आधीही असं व्हायचं. समिती तुला विचारणारच, एकोणीस वर्षं तू तिथे होतीस. तुझं म्हणणं खरं असेल तर माझी वही कुचकामी आहे आणि आजोबा घरी बसले. म्हणून सरळ विचारते. खरंच यायची का फिकी?

मला वचन पाठवू नकोस. उत्तर पाठव.

धाकटी

७ एप्रिल

धाकटे,

नाही.

एकदाही नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. दर सहा महिन्यांनी रबर बदलून घ्यायचे मी, मेकॅनिकच्या मागे लागून. पट्टी जरा करडी दिसली असती तर मी अख्खी खेप परत लावली असती, सर्जन दारात नाचले असते तरी.

मग तसं का लिहिलं? तुझं पत्र आल्यापासून स्वतःला हेच विचारतेय. तू विचारलंस तेव्हा उत्तर माझ्या हाताशी होतं. 'जिना उतर आणि मेकॅनिकला आण.' पण ते लिहिलं असतं तर वही चुकली असती. अकरा जणी माझं ऐकत होत्या, पाळकसाहेब मोठं काम म्हणत होते. मला माझी वही खरी ठरायला हवी होती. म्हणून मी एक अनुभव बनवला. इतक्या सहज लिहिला की नंतर मलाच तो आठवायला लागला.

आणि मागच्या पत्रात तुलाच झापलं. वही लपव म्हणाले तेव्हा तुझी नोकरी पुढे केली, पण वहीत माझं पत्र असेल ही भीती होती.

सोबत दुसरा कागद आहे, समितीसाठी. त्यावर हे सगळं लिहिलंय, सही केलीय. ११ फेब्रुवारीचं पत्रही दे. घडी करून नको, उघडं दे.

ताई

२१ एप्रिल

ताई,

तुझा कागद नऊ तारखेला पोचला.

समितीत तिघे होते. पहिल्यानं वही उघडली आणि म्हणाला, "ही प्रार्थनेची वही आहे की यंत्राची नोंदवही?" दुसरा हसला. मी म्हणाले, "यंत्राची नोंदवही मोठ्या बाई लिहितात. तीही मागवा." मागवली. त्यात रोज एकाच शाईत 'ठीक, ठीक, ठीक'. मग तिसऱ्यानं, तो इंजिनिअर होता, भांडारातून रबर कधी निघालं त्याची तारीख मागवली. माझी शेवटची 'पट्टी' आणि त्यांचं रबर, एका दिवसाचं अंतर. मग कुणी हसलं नाही. तुझा कागद त्यांनी दोनदा वाचला. 'बनवला' हा शब्द इंजिनिअरनं बोटानं दाखवला शेजारच्याला. तुला हे सांगताना मला बरं वाटत नाहीये, पण लपवणार नाही.

आजोबा परत आले. बाई रजेवर आहेत, पुढचं ठरायचंय. मला लेखी ताकीद मिळाली, माहीत असून न कळवल्याबद्दल, आणि निर्जंतुक खोलीतून काढून धुलाईत चादरी मोजायला बसवलंय. मला ते कमीच वाटतं. मंडळीत माझ्या बाकावर आता माझ्याशिवाय कुणी बसत नाही. बाई रडल्या ते सगळ्यांना कळलं. त्या शिक्षिकेचं नावही कुणी विचारलं नाही. मला संताप येतो, ताई! पुढच्या बाकावरून इतकं गोड गातात ही माणसं.

शिक्षिका घरी गेली. मी तिला सगळं सांगायला गेले होते. तिनं ऐकून घेतलं, बाळ खांद्यावर होतं. म्हणाली, "तुम्ही आता जा."

मग आजोबांकडे गेले, हौदापाशी. मी म्हणाले, "क्षमा मागायला आलेय."

ते कात्री घासत राहिले. "बावीस दिवस," म्हणाले. "रोज मी विचारत होतो, किती रेघा. तू हसून आकडा सांगायचीस. त्यातली एक माझी मान होती."

"चुकलं माझं."

"क्षमा तुमच्याकडे मिळते ना? मग तिथेच मागा, बाई. मला काम आहे."

भगतीण नाही म्हणाले. बाई म्हणाले. आणि खरं सांगू, तो त्यांचा हक्क आहे. मी त्यांना क्षमा करायला भाग पाडणार नाही. आपण लोकांकडून क्षमासुद्धा वसूल करतो.

प्रार्थना? करते. बहुतेक वेळा भांडते. विश्वास सोडलेला नाही, वहिनीनं विचारलं तेव्हा तिलाही हेच सांगितलं. उलट पूर्वी देवाशी मी फार रीतीनं बोलायचे, आता तो समोर बसलाय असं वाटतं, कारण ज्याच्यावर ओरडायचं तो समोर लागतो.

आणि तुझ्या अकरा जणी? त्या अजून रेघा मारतायत का?

धाकटी

३ मे

प्रिय धाकटे,

तुझा प्रश्न मी दोन मंगळवार उशाशी घेऊन झोपले. परवाच्या बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं. पट्टी, बावीस दिवस, आणि मी बनवलेला अनुभव. मान वर करवत नव्हती. म्हणाले, वह्या घरी नेऊन पुन्हा वाचा. ज्या ओळी कुरकुर नव्हत्या त्या शोधा. कुणाला तरी सांगायला हव्या होत्या त्या शोधा, आणि जाऊन सांगा.

दोघी रागावून निघून गेल्या. एक म्हणाली, "इतके महिने मग आम्ही काय शाळा खेळलो का, ताई?"

सगळ्या गेल्यावर बघते तर माझ्या खुर्चीवर एक वही. कापडी कव्हरची. शिवणकाम करणारीची. ती केव्हा ठेवून गेली कळलं नाही.

सुरुवातीला सुई मोडली, गिऱ्हाईक ओरडलं, असलंच. मग 'काल पुन्हा हात उगारला'. खोडलेलं. 'आज दाराला बाहेरून कुलूप.' खोडलेलं. 'कान दुखतोय, प्रभू ही तुझ्याकडे.' खोडलेलं. मी मोजल्या, सदतीस. काय सरळ रेघा आहेत गं तिच्या.

तिचा नवरा मंडळीत पुढे उभा राहून गाणी म्हणवून घेतो. सगळ्यांत गोड गळा त्याचाच. दर रविवारी तो माझी खुर्ची सरकवून देतो आणि मी त्याला आशीर्वाद देते.

मला फार संताप आलाय. त्याचा, आणि त्याहून माझा. पण मी काय करू ते कळत नाही. घरी गेले आणि चुकीचं बोलले तर सगळं तिच्यावरच उलटेल. पाळकसाहेबांना आधी सांगावं का? या आठवड्यात उपास करून देवाला विचारावं म्हणते. माझ्या शब्दांवर माझाच विश्वास राहिला नाही. तू सांग.

तुझी,
ताई

७ मे

ताई,

तिनं वही तुझ्या खुर्चीवर ठेवली. माणसानं आणखी किती मोठ्यानं ओरडायचं?

आणि तू मला पत्र लिहीत बसलीस! तुझं पत्र यायलाच चार दिवस लागले. उपासाचा आठवडा वेगळा. असेच बावीस होतात गं, मला विचार.

पाळकसाहेबांकडे नंतर जा. गेलीस तरी विशेष प्रार्थना ठेवतील. तो कामावर जातो तेव्हा तिच्या दारात जा. काय बोलायचं ते ठरवू नकोस, आपण ठरवून बोललेलं कुणाच्या उपयोगी पडलंय? 'मी वाचलं' एवढं म्हण आणि गप्प राहा. ऐकू येत नसेल तर तिच्या तोंडाकडे बघ. तिला यायचं असेल तर घरी घेऊन ये, तुझ्या खोलीत दोन खाटा मावतात. यायचं नसेल तर उद्या पुन्हा जा. परवा पुन्हा. कुलूप असेल तर पोलिसांना घेऊन जा, मग तो कितीही गोड गात असो. तिला क्षमेबद्दल एक शब्द बोललीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

प्रार्थना कर. चालता चालता कर, त्याला चालतं.

तुझ्या लेकीला फोन करून निरोप दिलाय, "आईला सांग, आत्ता जा." पण ती कामाच्या गडबडीत होती, म्हणून हे पत्रही लिहिलं. आता तशीच पोस्टात टाकायला निघाले आहे. ते तुझ्या दारात पडेल तेव्हा तू घरी नसावीस, एवढंच मी आज देवाकडे मागते आहे.

तुझी,
धाकटी